लाकडी प्लांटरचा तळ दर पावसाळ्यात कुजतोय? आधी खालून बघा

ऑगस्ट उजाडला की सगळीकडून एकच तक्रार ऐकू येते. एप्रिल-मेमध्ये हौसेने लाकडी प्लांटर बनवला, छान पॉलिश मारलं, मोगरा, तुळस, मिरची लावली, जूनमधल्या पहिल्या पावसाला सगळं टवटवीत होतं, आणि गणपतीच्या आसपास बघावं तर तुळस काळवंडलेली, मिरचीची पानं पिवळी, बाजूच्या फळ्या बाहेर फुगलेल्या आणि खोका उचलायला गेलं तर तळ जमिनीवरच राहतो. मग पुढच्या वर्षी अजून महाग पॉलिश, अजून जाड प्लास्टिक, अजून एक कोट रंग, आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा तेच. माझ्याकडे ड्रिल आहे हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत असल्यामुळे असे बरेच खोके माझ्यासमोर उलटे होतात, आणि जवळजवळ प्रत्येकात दोष एकाच जागी सापडतो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

सरळ सांगायचं तर वरून पडणाऱ्या पावसाने प्लांटर कुजत नाही, तो खाली अडकलेल्या पाण्याने कुजतो. लाकूड कुजवणारी बुरशी लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर वाढतच नाही. म्हणून तर मुंबईच्या जुलैमध्ये कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तरी तुमच्या घरातलं कपाट कुजत नाही. दुसऱ्या टोकाला, लाकूड कायम पूर्ण पाण्याखाली असेल तर हवेअभावीही ही बुरशी वाढत नाही. तिला पाणी आणि हवा दोन्ही लागतं, आणि लादीवर सपाट टेकलेल्या खोक्याचा तळ म्हणजे नेमकी तीच जागा, वरून ओली माती, खालून ओली लादी आणि कडेने जेमतेम शिरणारी हवा. त्यामुळे बाजूच्या फळ्यांना कितीही रंग लावा, तळ वाळत नाही तोपर्यंत काही उपयोग नाही.

पाणी किती येतं याचा अंदाज घ्या म्हणजे लक्षात येईल. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल असा नेहमीचा खोका धरा. त्यात साधारण ८५ लिटर माती बसते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो मुंबईत दर पावसाळ्यात होतोच, तर उघड्यावरच्या या खोक्यात एका दिवसात जवळपास २८ लिटर पाणी पडतं. सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर आहे, म्हणजे त्या एका महिन्यात याच खोक्यावर सव्वादोनशे लिटर पाणी ओतलं जातं, खोक्याच्या मापाच्या अडीचपटीपेक्षा जास्त. यातलं माती ठेवून घेईल तेवढं सोडून बाकी सगळं बाहेर पडलं पाहिजे आणि लगेच पडलं पाहिजे. बाहेरच्या व्हिडिओत दाखवतात ते डिझाइन बहुतेक कमी पावसाच्या जागेचं असतं, तिथे पाणी टिकवायची काळजी असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बरोबर उलटी काळजी असते.

आता तपासणी. खोका रिकामा करायची गरज नाही, दोन माणसांनी एक टोक वीत-दीड वीत उचलायचं आणि खाली एक वीट सरकवायची, विटेशिवाय कोणी खाली हात घालू नका, ओली माती फार जड असते. मग टॉर्च घेऊन तळ बघायचा आणि साधा स्क्रू-ड्रायव्हर लाकडात दाबून बघायचा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं आणि हाताला टणक लागतं. कुजलेल्या जागी ते काहीही जोर न लावता अर्धा इंच आत जातं, बाहेर काढताना तपकिरी ओला चुरा सोबत येतो आणि लाकूड आडव्या-उभ्या चौकोनी भेगांमध्ये तुटलेलं दिसतं. हे सगळीकडे करा, पण मुख्य म्हणजे चार कोपरे, तळाची फळी बाजूच्या फळीला मिळते ती रेघ आणि प्रत्येक भोकाची कड. बहुतेक वेळा फळीचा मधला भाग अजून चांगला असतो आणि कडा गेलेल्या असतात, कारण फळीचं कापलेलं टोक पाणी फार झपाट्याने ओढतं, सपाट बाजूपेक्षा कितीतरी पटीने.

दुसरी चाचणी पाण्याची. पाऊस नसताना वरून हळूहळू दोन लिटर पाणी ओता आणि खालून किती वेळात थेंब पडतात ते बघा. माती आधीच ओली असेल तर एक-दोन मिनिटांत पाणी यायला पाहिजे. दहा मिनिटं झाली आणि काहीच नाही, किंवा पाणी वरच तळ्यासारखं उभं राहिलं, तर वाट बंद आहे. तिसरी चाचणी नाकाची. भोकातून बोट घालून थोडी माती काढा, सडक्या अंड्यासारखा वास आला तर खालच्या मातीत हवाच नाही आणि मुळं गुदमरून गेलीत. एक रोप हळूच उपटून बघा, पांढरी किंवा फिकट मुळं ठीक, तपकिरी आणि बुळबुळीत, हातात साल निघून येणारी मुळं म्हणजे सड. पिवळी पानं बघून पाणी वाढवणारे खूप भेटतात, कृपया तसं करू नका, मुळं सडली की झाडाला पाणी ओढताच येत नाही, त्यामुळे तहानलेल्या झाडासारखीच पानं मान टाकतात आणि आपण अजून पाणी घालतो.

निदान झालं की कारणं बघू. सगळ्यात मोठं कारण, खोका थेट लादीवर ठेवलेला. तळाला भोकं असतात, पण भोकाखाली लादी आणि मध्ये काही जागाच नाही, मग पाणी जाणार कुठे? यावर लोक लाकडी पाय लावतात आणि पायाचं कापलेलं टोक ओल्या लादीवर टेकवतात, मग आधी पाय कुजतात आणि त्यातून ओल वर चढते. पाय दगडाचे करा. किचनचा ओटा बनवणाऱ्याकडे किंवा मार्बलवाल्याकडे कडप्प्याचे तुकडे पडलेले असतात, ते मागितले तर बहुतेक फुकट देतात. दोन-तीन तुकडे एकावर एक ठेवून दोन इंच उंची करा, तीन फुटी खोक्याला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये दोन अशा सहा जागा. दोन इंचांपेक्षा कमी नको, कारण खाली हात घालून पालापाचोळा काढता आला पाहिजे, नाहीतर तिथे गाळ साचून पुन्हा तीच ओल. भिंतीपासूनही दोन-तीन बोटं लांब ठेवा, मागची फळी भिंतीला चिकटली की तीही वाळत नाही आणि भिंतीला बुरशी येते ती वेगळीच.

हा एक बदल केला तरी अर्ध्याहून जास्त खोके वाचतात. बाकी काहीच जमणार नसेल तर एवढं तरी कराच.

पुढचं कारण सांगितलं की लोक भांडायला उठतात, कारण आपल्याला लहानपणापासून उलटंच शिकवलेलं असतं. तळाशी विटांचे तुकडे, खडी किंवा फुटक्या कुंडीच्या खापऱ्यांचा थर दिला की निचरा चांगला होतो असं सगळे मानतात, आणि प्रत्यक्षात होतं उलट. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहजासहजी उतरत नाही, माती स्वतःच्या बारीक पोकळ्यांमध्ये ते धरून ठेवते आणि खडीच्या वरच्या सीमेवर मातीचा थर पूर्ण भिजलेला राहतो, त्याच्या वर पाणी साठत गेलं की मगच ते खाली सुटतं. हा भिजलेला थर किती जाड असणार हे मातीच्या पोतावर ठरतं, खोका किती खोल आहे त्यावर नाही. म्हणजे तुम्ही खाली तीन इंच खडी टाकली तर तोच चिखलाचा थर तीन इंच वर, मुळांच्या जवळ आणलात. खोटं वाटत असेल तर भांडी घासायचा नवा स्पंज पूर्ण भिजवा, हातावर आडवा धरा, ठिबकणं थांबू दे, मग तोच उभा करा. न पिळता त्यातून पुन्हा पाणी गळायला लागेल. तळाचा ओला थर साधारण तेवढाच जाड राहतो, पण स्पंज उभा केला की त्याच्या वरची उंची वाढते आणि तिथलं पाणी सुटतं. म्हणून खोक्यात मातीचा उभा स्तंभ जितका उंच ठेवाल तितका वरचा भाग कोरडा राहतो, आणि ती जागा खडीने खाऊन टाकायची नाही.

मग भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून काय? खिडकीला लावतो ती फायबरची मच्छर जाळी, एक पदर. हार्डवेअरवाल्याकडे मीटरवर मिळते. जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, मिळालं तर अजून चांगलं, जाळी बारीक मातीने बुजू शकते. भोकं मात्र मोठी पाहिजेत, १२ ते १६ मिलिमीटरचा बिट, दर सहा इंचाला एक, आणि ती तळाच्या सगळ्यात खोल भागात, कडेला कुठेतरी नाही. स्क्रूच्या जाडीची चार भोकं पाडून काम होत नाही, ती पहिल्या पंधरवड्यात बुजतात. नवीन बनवत असाल तर अखंड तळ ठेवूच नका, दोन-तीन इंची पट्ट्या सहा ते आठ मिलिमीटरच्या फटी सोडून लावा. लाकूड पावसाळ्यात रुंदीत वाढतं, चार इंची फळी दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते, आणि फटी नसतील तर फळ्या एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातात किंवा कोपऱ्याचे स्क्रू उपटून टाकतात. बऱ्याच जणांना वाटतं मातीने खोका फुगला, आणि तो असतो आतल्या फळ्यांचा आपापसातला जोर.

आता प्लास्टिक. आतून ताडपत्री किंवा काळं प्लास्टिक लावलं की लाकूड वाचलं असं वाटतं, आणि लोक ती स्टेपलरने तळापर्यंत ठोकतात. प्रत्येक पिनेच्या भोकातून थोडं थोडं पाणी प्लास्टिकच्या मागे जातं आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते. मी अशा एका खोक्याचं प्लास्टिक सोलून काढलं तेव्हा मातीच्या बाजूने ते स्वच्छ होतं आणि लाकडाच्या बाजूने पांढऱ्या बुरशीच्या जाळ्याने भरलेलं होतं, फळीवर पिनेच्या प्रत्येक भोकाभोवती एकेक काळं वर्तुळ आणि खालच्या काठाला पाण्याची रेघ. बाहेरून त्याच फळीचं पॉलिश चमकत होतं. म्हणजे प्लास्टिक वाईट नाही, पण ते फक्त बाजूंना लावा, पिना अगदी वरच्या काठाला मारा, मातीच्या रेषेच्या वर, आणि खालचा काठ मोकळा सोडून तळाच्या फटीतून अर्धा इंच बाहेर लोंबू द्या, म्हणजे पाणी त्याच्यावरून सरळ खाली पडतं. तळाला प्लास्टिक अजिबात नको.

खरं तर मी आता सगळ्यांना वेगळंच सांगते. मुंबईत उघड्या टेरेसवर किंवा पॅटिओत लाकडाला माती धरायला लावूच नका. लाकूड फक्त बाहेरून दिसण्यासाठी ठेवा, पट्ट्यांची चौकट, आणि आत जाड एचडीपीई प्लास्टिकची ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायची पिशवी, किंवा भाजीवाल्याचे असतात तसे प्लास्टिकचे क्रेट बसवा. बॅग आणि लाकडामध्ये एक बोट हवा सोडा. माती लाकडाला लागत नाही, पाणी बॅगेच्या भोकातून थेट लादीवर, चौकट पाऊस थांबला की दोन दिवसांत वाळते, आणि कधी पट्टी खराब झालीच तर चार स्क्रू काढून एकच पट्टी बदलायची, झाडाला धक्का नाही. क्रेट असेल तर आतून जुनी गोणी किंवा शेड नेट लावून घ्या, नाहीतर माती जाळीतून सांडते. दिसायला शंभर टक्के लाकडी प्लांटरच दिसतो. खर्चही वाढत नाही, कारण मग बारीक पट्ट्या चालतात.

लाकूड कुठलं घ्यायचं यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात, आणि माझ्या मते ते कारण दुय्यम आहे, पण सांगते. पॅकिंगच्या पॅलेटचं पाइन स्वस्त आणि कापायला सोपं, त्यावर एचटी असा शिक्का असतो, त्याचा अर्थ लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान अर्धा तास दिलंय, कीड मारण्यासाठी. हा शिक्का बघून बरेच जण ट्रीटेड लाकूड आहे, कुजणार नाही असं समजतात, तर तसं नाही, त्याने कुजणं थांबत नाही. एमबी शिक्का असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते लाकूड भाजीसाठी घेऊ नका. सागवान टिकतं, पण टिकतो तो त्याचा गडद गाभा, कडेचा फिकट पांढुरका भाग पाइनसारखाच जातो, त्यामुळे वखारीत फळी उलटसुलट करून बघून घ्या. रे रोडच्या टिंबर मार्केटला किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या तोडकामाचं सागवान मिळतं, जुन्या चाळींच्या दारं-खिडक्यांचं वगैरे, ते मुरलेलं असतं आणि फार वाकत नाही, फक्त आतले खिळे नीट शोधून काढा नाहीतर करवतीची वाट लागते. प्लायचा तळ नको, एमआर ग्रेड तर अजिबात नाही, तो घरातल्या कोरड्या कामासाठी असतो. आयएस ७१० लिहिलेला मरीन प्लाय टिकतो पण कापलेल्या कडा सील केल्या तरच, आणि भोकं पाडली की प्रत्येक भोकाची कड पुन्हा उघडी पडते. आणि एक गोष्ट मनापासून सांगते, गच्चीवर पडलेल्या जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे कापून तळ बनवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, कापताना उडणारी धूळ फुफ्फुसासाठी घातक आहे.

स्क्रू हा छोटा वाटणारा पण मुंबईत हमखास नडणारा भाग. मिस्त्री लोक जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू वापरतात कारण ते पटकन जातात, पण ते घरातल्या सिलिंगसाठी असतात, समुद्राच्या खाऱ्या हवेत एका पावसात गंजतात, गंजाने भोकाभोवतीचं लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं आणि मग डोकं फिरतं पण स्क्रू निघत नाही. ३०४ स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि वरळी, वांद्रे, वर्सोव्यासारखं समुद्रासमोर घर असेल तर ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात. एवढ्याशा खोक्याला किती स्क्रू लागतात, इथे पैसे वाचवू नका. गोंद लावायचा असेल तर वॉटरप्रूफ, मरीनवाला, घरातल्या फर्निचरचा साधा पांढरा गोंद पाण्यात मऊ होतो. आणि तीन फुटांपेक्षा लांब खोका असेल तर लांब फळ्या मध्ये बाहेर झुकतात, तिथे आतून मधोमध एक आडवी पट्टी दोन्ही फळ्यांना जोडून टाका, मातीखाली गेली की दिसतही नाही.

पॉलिश आणि तेलाबद्दल थोडक्यात. ऑइल पेंटचा जाड थर दिसतो छान पण उन्हात त्याला बारीक तडे जातात, तड्यातून पाणी आत जातं आणि त्याच थरामुळे बाहेर येत नाही. आत मुरणारं बाहेरच्या कामाचं वुड ऑइल बरं, दरवर्षी एक हात मारावा लागतो, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये मारा, तेव्हा मुंबईत लाकूड सगळ्यात कोरडं असतं. मे अखेरीस घाईघाईत मारलेलं तेल दमट लाकडात मुरत नाही. नुसतं जवसाचं तेल लावू नका, आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी चढते, आणि लावलंच तर तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, मोकळी पसरून वाळवा, गोळा करून ठेवलेली फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. सुतार जुनं इंजिन ऑइल सुचवतात, भाज्या लावणार असाल तर ते नाहीच. बोरिक पावडरचं पाणीही बरेच जण मारतात, ते वाळवी आणि बुरशीवर काम करतं खरं पण पावसात धुऊन जातं, उघड्यावर त्याचा भरवसा नाही. तेल कुठलंही असो, एक काम मात्र चुकवू नका, प्रत्येक कापलेल्या टोकाला आणि भोकाच्या कडेला दोन-तीनदा चांगलं पाजायचं, जोडण्याच्या आधी, कारण जोडल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही.

माती. नर्सरीतून मिळणारी लाल माती एकटी भरली की दोन पावसांत घट्ट बसते, वर पाणी उभं राहतं. आणि नुसतं कोकोपीट भरलं तर तो उलटा त्रास, ते पाणी धरून ठेवायला बनलंय, उन्हाळ्यात वरदान आणि जुलैत डोकेदुखी. मी दोन भाग कोकोपीट, दोन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग लाल माती आणि एक भाग जाडसर काहीतरी, परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) किंवा विटेचा चुरा चाळून, किंवा कोकणातून कोणी आणून देत असेल तर भाताचं तूस, असं मिसळते. खडी तळाला थर म्हणून नको पण जाडसर चुरा सगळ्या मातीत मिसळलेला हवा, दोन्हीत फरक आहे. पावसाळ्यात रोज मुठभर निंबोळी पेंड टाकायची गरज नसते, महिन्यातून एकदा पुरे, ओल्या मातीत जास्त खत घातलं की मुळांनाच त्रास. आणि झाडंही जागा बघून, अळू, गवती चहा, पुदिना पाण्याला घाबरत नाहीत, तुळस आणि रोझमेरी घाबरतात, त्यांना पावसात छताखाली सरकवता येईल अशा छोट्या कुंडीत ठेवा.

वजनाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तो तीन बाय एक बाय एकचा खोका साध्या मातीने भरून भिजला की १४० किलोच्या आसपास जातो, कोकोपीटच्या मिश्रणाने साधारण ९०-१००. घरांच्या बाल्कनीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये धरलेला भार चौरस मीटरला ३ किलोन्यूटन आहे, म्हणजे अंदाजे ३०० किलो, आणि एक फूट खोल ओली माती चौरस मीटरला ५०० किलोच्या वर जाते. एखादा खोका भिंतीलगत ठेवला तर बाकी जागा मोकळी असते त्यामुळे चालतं, पण बाल्कनीच्या बाहेरच्या काठाला रांगेने चार खोके लावायचे असतील तर आधी सोसायटीच्या इंजिनियरला विचारा. जुनी बिल्डिंग असेल, स्लॅबच्या खालून सळ्या दिसत असतील, तर लाकडी खोके नकोतच, हलक्या ग्रो बॅगा ठेवा. ग्रिलच्या बाहेर तर काहीच नको, खाली माणसं चालतात.

खालच्या मजल्यावरचे काका "अगं, परत टपकतंय बघ" म्हणून वर येतात तो वाद सुद्धा याच प्रश्नाचा भाग आहे. खोक्यातून पाणी मोकळं झालं की ते लादीवर येणार, तिथून नहाणी ट्रॅपकडे गेलं पाहिजे. मे महिन्यात एक बादली पाणी टेरेसवर ओतून बघा कुठे साचतं, खोका त्या खोलगट जागी ठेवू नका, आणि जाळीवर पालापाचोळा साचतो तो पावसाळ्यात दर आठवड्याला काढा. पाणी नीट वाहतं तरी खाली गळत असेल तर दोष वॉटरप्रूफिंगचा आहे, कोबा फुटला असेल, तो खोका हलवून सुटणार नाही. काही जण गळती टाळायला खोक्याखाली मोठे ट्रे ठेवतात. मग खोका पुन्हा पाण्यात उभा, आणि ट्रेमधल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पालिकेचे लोक पावसाळ्यात घरोघरी येऊन कुंड्यांखालच्या प्लेट तपासतात ते याचसाठी. पाऊस सुरू झाला की ट्रे आणि प्लेट सरळ काढून ठेवा, दिवाळीनंतर पुन्हा लावा.

आणि आत्ता ऐन पावसात तुमचा खोका पाणी धरून बसला असेल, सगळं उपसायची सोय नसेल, तर एवढं करा. एक टोक विटेवर चढवा म्हणजे पाणी एका बाजूला जमेल, मग खालच्या टोकाच्या बाजूच्या फळीत, तळाच्या अगदी लगत, १२ मिलिमीटरची तीन भोकं पाडा. कॉर्डलेस ड्रिल वापरा, ओल्या लादीवर वायरवालं मशीन नको. काळं पाणी येईल, येऊ द्या. मग दुसरं टोकही उचलून दोन्हीकडे कडप्पा सरकवा, पण एका बाजूला बोटभर उतार ठेवा. सडलेली रोपं काढा, बाकीच्यांची पिवळी पानं तोडा, आठवडाभर खत नाही, आणि जोराच्या पावसात वर एखादी ताडपत्री तिरकी बांधा, खोक्याला चिकटून नको, वर हातभर अंतर सोडून, म्हणजे हवा खेळती राहील. तळाच्या पट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघितल्या आणि दोनापेक्षा जास्त गेलेल्या निघाल्या तर खोका आता उचलू किंवा सरकवू नका, त्याच जागी ऑक्टोबरपर्यंत राहू दे, माती वाळून हलकी झाली की मग रिकामा करून तळ बदला, आणि तेव्हा चौकटीत बॅग बसवायचा विचार नक्की करा.